निळ्या दाराचं गाणं

९ फेब्रुवारी

बारके,

पाकीट उघडलंस म्हणजे माझं निम्मं काम झालं. वरचं अक्षर माझं नाही. तुझा पत्ता मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते मला सांगत नाहीत, आणि बरोबर करतात. मी कागदाची घडी त्यांच्या हातात देते, ते पाकिटात घालतात, पत्ता लिहितात, टपालपेटीत टाकतात. अक्षर कुणाचं ते तू ओळखलंच असशील. त्यावर मी आत्ता बोलत नाही. जरा दम खाऊ दे मला.

सोळा वर्षांनी आई लिहिते म्हटल्यावर काहीतरी दुखणंबिखणं निघालं असेल असं वाटेल तुला. काही नाही गं. ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. अजून त्याच हॉस्पिटलच्या तळघरात आहे, चादरी, अभ्रे आणि पेशंटचे गाऊन धुण्याच्या खात्यात. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. तीन नवी मशीन आली, त्यामुळे पाठ वाचली, पण इस्त्रीचा मोठा रोलर जुनाच आहे आणि वाफही तीच. चादरीच्या घडीला माझ्या समोर उभी असते ती मैना. तिचं नाव वेगळंच काहीतरी आहे, पण दिवसभर चोच बंद नसते म्हणून मैना.

आता मुद्द्याचं. हसू नकोस. मी इंग्रजी शिकते आहे.

हॉस्पिटलमध्ये सगळ्या पाट्या इंग्रजीत झाल्यात, कपाटांवर सुद्धा. कुठल्या कपाटात काय आहे ते कळायला नको का? म्हणून शिकते. दर रविवारी सकाळी. गाण्यांवरून. मला शिकवणारे म्हणतात, धडा वाचून शब्द डोक्यात राहत नाही, चालीत बसला की मेला तरी जात नाही. (मेला हा शब्द माझा. ते असं बोलत नाहीत.)

मला सत्तेचाळीस शब्द येतात. किटली येते. जिना येतो. बाही, गुंडी, कडी, उशी येते. तुला हे शब्द येतात हे मला माहीत आहे.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी मी लिहिणार.

तुझी
आई


१ मार्च

बारके,

मागच्या पत्रात एक थाप मारली. पाट्यांचं काही खरं नाही. एका पाटीवर चादर काढली आहे, दुसरीवर उशी, अडाण्यालाही कळेल. का शिकते ते सांगेन. आज नाही.

आज तुला गंमत सांगते. आमची शिकवणी अशी चालते: पहिला आठवडा नुसतं गाणं ऐकायचं आणि म्हणायचं, अर्थ विचारायचा नाही. मग फक्त हाताला लागणाऱ्या वस्तू शोधायच्या. दार, कप, कोट, खुर्ची. ती वस्तू त्याच दिवशी कामावर कुठेतरी वापरायची, नाहीतर शब्द वाया गेला. मनातल्या गोष्टींचे शब्द सगळ्यात शेवटी. ते म्हणतात, "आधी हाताला लागतं ते शिका. मनातलं तुम्हाला आधीच येतं, फक्त बोलता येत नाही." मी म्हटलं, हे काय माझ्याबद्दल बोलताय का? ते म्हणाले, सगळ्यांबद्दल.

तर गेल्या मंगळवारी वरच्या वॉर्डात गाऊन द्यायला गेले. तिथे एक बाई आहे, कुठल्या देशाची कोण जाणे, पोटाचं ऑपरेशन झालेली. तिला आपलं बोलणं कळत नाही. बिचारी मान अवघडून पडली होती. मला विचारायचं होतं, उशी देऊ का. आणि शब्द आठवेना! गाण्यात उशी तिसऱ्या ओळीत आहे. पहिल्या ओळीत किटली, दुसरीत जिना, मग उशी. पहिल्यापासून म्हटल्याशिवाय माझ्या तोंडात ती येतच नाही. मग काय, बाईच्या पायाशी उभी राहिले आणि हात वर करून, जरा थांबा अशी खूण करून, पुटपुटत गाणं सुरू केलं. किटली झाली, जिना झाला. बाई बघतेय माझ्याकडे डोळे फाडून. तिसरी ओळ यायच्या आत तिनंच ती म्हटली! तिला गाणं येत होतं. दोघींनी मिळून उशीपर्यंत पोचलो. ती टाक्यांवर हात दाबून हसत होती आणि मी धावत जाऊन दोन उशा आणल्या. नर्स म्हणाली, मावशी, इथे काय मैफल चालली आहे?

मैनेला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं तिची मान दुखत होती. घसा दुखत असता तर आठवा अंतरा लागला असता."

मी पण हसले. मग चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिले. बारके, तू पण असंच करायचीस. भांडी घासताना गाणं म्हणायचीस, मध्येच थांबायचीस, पुन्हा पहिल्यापासून. मी ओरडायचे, एक काय ते नीट म्हण नाहीतर तोंड बंद ठेव. तू काय शोधत होतीस ते आत्ता कळलं.

आई


२९ मार्च

बारके,

आज सांगून टाकते.

शिकवणारे म्हणजे तुझे मास्तर. तेच. मी ज्यांच्या वर्गात जाऊन तमाशा केला ते.

गेल्या नोव्हेंबरात त्यांचं घर शोधून काढलं. आता ते वर्ग घेत नाहीत, घरीच दोन-चार जण येतात. हात थरथरतो त्यांचा. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मला बघितलं, ओळखलं, दार लावलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पुन्हा लावलं. तिसऱ्या रविवारी मास्तर स्वतः आले. "काय पाहिजे?" म्हणाले.

वाटभर पाठ केलं होतं मी काय म्हणायचं ते. "मास्तर, माझी चूक झाली." चार शब्द. ते काही तोंडातून बाहेर येईनात. तुला माहीत आहे तुझी आई. चार माणसांत कुणाची फजिती करायची तर माझी जीभ कात्रीसारखी चालते, आणि हे म्हणायचं तर टाळ्याला चिकटते. मी म्हटलं, "मला इंग्रजी शिकायचंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "गाणं येतं का एखादं?"

मला एकच ओळ येत होती. अर्थ माहीत, चाल माहीत. ती मी दारात उभं राहून म्हटली. निळ्या दाराशी माझी वाट बघ.

मास्तरांनी चष्मा काढला आणि बाजूला झाले. मी आत गेले. त्यांची बायको उठून दुसऱ्या खोलीत गेली. अजूनही जाते. मी आले की ती उठते, चप्पल घालते आणि मागच्या दारानं बाहेर. मी गेल्यावर परत येते. मी तिला दोष देत नाही.

तू दर वर्षी त्यांना एक कार्ड पाठवतेस हे मला तिथेच समजलं. कपाटाच्या काचेला लावलेली आहेत सगळी, सोळा. मागची बाजू त्यांनी मला दाखवली नाही. "पत्ता द्यायचा नाही असं तिचं सांगणं आहे," म्हणाले. मी म्हटलं, मग निदान पत्र तरी टाका. ते म्हणाले, पत्र टाकतो, पण मी आधी वाचणार नाही आणि नंतर विचारणार नाही. ती बरी आहे एवढंच सांगतात. बरी आहेस ना गं?

आई


१७ मे

बारके,

तू म्हणशील, चाल कशी माहीत होती आईला. मीही तेच टाळत होते.

तुझी वही माझ्याकडे आहे. तू गेलीस त्या दुपारी माझ्या उशीवर ठेवून गेलीस ती. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. मी कामावरून आले, उशीवर वही आणि खुंटीला तुझी पिशवी नाही. तेव्हा मी ती ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. कुलूप लावायची सवयच होती मला.

आता त्या दिवसाचं. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून एकदा ऐक.

गादीखाली मला वही सापडली. सगळी इंग्रजी. पानंच्या पानं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तू घरात नव्हतीस. मी ती वरच्या मजल्यावरच्या कारकुनाकडे नेली. हापिसात इंग्रजी कागद हाताळतो म्हणून सगळी चाळ त्याच्याकडे जायची, आणि त्यालाही तेवढंच हवं असायचं. त्यानं खुर्ची ओढली, चष्मा लावला, आणि वाचायला लागला. आधी इंग्रजीत, मोठ्यानं, मग आपल्या भाषेत. तुझ्यावाचून मी जगू शकत नाही. तुझा हात हातात दे. निळ्या दाराशी माझी वाट बघ. ही ओळ पुन्हा पुन्हा येत होती आणि तो प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून वाचत होता. जिन्यात बायका जमल्या. शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि शेजारी तुझ्या बारीक अक्षरात किटली, बाही, जिना असं काहीबाही. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "खुणा असतील त्यांच्या."

आणि मास्तरांच्या वर्गाचं दार निळं होतं.

मग मला कुणी काही सांगायची गरजच राहिली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. तुझे बाबा गेले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. तेव्हापासून मला एकच भीती होती, लोक म्हणतील एकट्या बाईला पोर सांभाळता आली नाही. ही सबब नाही हं. माझ्या डोक्यात काय होतं तेवढं सांगते आहे. मी भर वर्गात गेले. वीस-पंचवीस पोरंपोरी बसली होती. मास्तर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. मी काय काय बोलले ते तुला आठवतंय, मलाही आठवतंय, लिहीत नाही. महिन्याभरात घरमालकानं त्यांना जागा सोडायला लावली.

आणि तुला मी खोलीत कोंडलं. रविवारी संध्याकाळपासून बुधवारपर्यंत.

तू आतून तीनदा म्हणालीस, "आई, गाणी आहेत ती." मी ऐकलं. हे मी आजवर कुणापुढे कबूल केलेलं नाही. मी ऐकलं आणि म्हटलं, गाण्यांसाठी कुणी दोनशे पानं भरतं का? कारकुनाचं खरं मानलं आणि तुझं नाही. सोमवारी तू दारावर हात आपटून म्हणालीस, "बुधवारपासून हवं तेवढं मार, पण उद्या मला जाऊ दे." नर्सिंगच्या मुलाखतीचं तू सांगत होतीस, मंगळवारी सकाळी दहा वाजता, इंग्रजीत. त्यासाठीच तो वर्ग, त्यासाठीच ती वही. मला वाटलं, निळ्या दाराशी जायचंय हिला. किल्ली माझ्या कमरेला होती. मंगळवारी मी ती कामावर घेऊन गेले आणि दिवसभर चादरींच्या घड्या घातल्या.

बुधवारी दार उघडलं तेव्हा तू रडत नव्हतीस. त्यानंतर अकरा महिने माझ्याशी अवाक्षर बोलली नाहीस, आणि मग गेलीस.

आता चालीचं. अडीच वर्षांपूर्वी, दुपारची वेळ होती. आमच्या खात्यात रेडिओ असतो, मशीनच्या आवाजात कुणी ऐकत नाही. मशीन थांबलं होतं. मैना आणि मी चादर धरून उभ्या होतो, ती दोन पावलं पुढे आली, मी दोन पावलं पुढे, आणि रेडिओवर एक बाई गायला लागली. कारकुनाच्या तोंडून ऐकलेले ते इंग्रजी शब्द माझ्या कानात चौदा-पंधरा वर्षं रुतून बसले होते. तेच शब्द. निळ्या दाराशी माझी वाट बघ. चार वेळा म्हटलं तिनं. मध्ये वाजंत्री वाजली, पुन्हा चार वेळा.

चादर माझ्या हातून सुटली. मैना म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, चक्कर आली.

हे कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी मास्तरांकडे गेले असते तर माणूस म्हणता आलं असतं मला. मी दोन वर्षं गप्प बसले. दररोज घड्या घातल्या, जेवले, झोपले. कुणाला पत्ता लागू दिला नाही. हे त्या तीन दिवसांपेक्षा वाईट आहे असं मला वाटतं. तेव्हा मला खरं माहीत नव्हतं. नंतर होतं.

आई


२१ जून

चार पत्रं झाली. एक ओळ नाही तुझी. एक टिंब नाही.

अगं, मी म्हातारी बाई, रोज उठून तळघरात वाफ खाते, रविवारी दोन मैल चालत जाते, ज्या बाईला मी नको आहे तिच्या घरात मान खाली घालून बसते, पोरासोरांसारखी गाणी पाठ करते, ते कशासाठी? तुझ्या मनात काय आहे ते तरी लिही. शिव्या लिही. मला शिव्या झेपतात. हे असं भिंतीशी बोलणं झेपत नाही.

मागचं पत्र द्यायला गेले तेव्हा मास्तरांवरही उखडले मी. म्हटलं, तुम्ही पत्र टाकतच नसाल. सूड उगवताय माझ्यावर, उगवा! त्यांनी पाकीट घेतलं, पत्ता लिहिला, सुकू दिला. मग कोट घातला आणि मला म्हणाले, "चला." टपालपेटीपर्यंत घेऊन गेले. तिथे पाकीट माझ्या हातात दिलं, पत्त्याची बाजू खाली करून. "टाका तुम्हीच," म्हणाले, आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

उलटवून बघायला कितीसा वेळ लागला असता? आता मला इंग्रजी अक्षरं लागतात.

नाही बघितलं. उपडं होतं तसंच आत सरकवलं. तुझी वही न विचारता उघडली त्याला सतरा वर्षं झाली, ते पाकीट नाही उलटवलं. एवढंच सांगायचं होतं. रागानं लिहायला बसले होते, आता राग गेला. पण पत्र फाडत नाही. तुझ्याकडे माझं सगळंच असू दे.

आई


६ जुलै

बारके,

काल ट्रंक उघडली. वही मास्तरांकडे नेली.

इतके दिवस ते मला नवी गाणी देत होते. मी म्हटलं, आता मला यातलं शिकवा. त्यांनी वही हातात घेतली आणि पुठ्ठ्यावर बोटं फिरवली. मग निळ्या दाराचं पान काढलं. म्हणाले, "हे गाणं मी का निवडलं होतं सांगू? यात घरातल्या बारा वस्तू आहेत. एका गाण्यात बारा कुठे मिळतात?" मी विचारलं, आणि तुमच्या वर्गाचं दार निळं का होतं? ते म्हणाले, घरमालकाकडे उरलेला रंग होता.

मी वही माझ्याकडे ओढली.

मग आम्ही त्या पानाचा अर्थ लावला. बाराच्या बारा वस्तू माझ्या मीच ओळखल्या. प्रत्येकीखाली तुझी पेन्सिलीची रेघ होती. दार, कडी, किटली, कोट, कोटाची बाही, जिना, आरसा. मास्तर म्हणाले, छान. मग मी त्यांना म्हटलं, मला एक शब्द दाखवा. प्रेम. तो इंग्रजीत कसा दिसतो ते दाखवा.

त्यांनी बोट ठेवलं. चार अक्षरांचा आहे. मी ती चार अक्षरं नीट बघून घेतली आणि वही घरी आणली. आज सुट्टी घेतली आहे. सकाळपासून पान पान बघते आहे. एकतीस वेळा आहे तो शब्द तुझ्या वहीत. एकतीस. कारकुनानं एकही सोडला नव्हता.

बारके, त्याच्याखाली एकदाही रेघ नाही. ज्या एका शब्दापायी मी तुझं वाटोळं केलं, त्याच्याकडे तुझं लक्षच नव्हतं. तुला कडी हवी होती. तुला बाही आणि किटली हवी होती. मुलाखतीत कुणी विचारलं तर अडायला नको म्हणून एकोणीस वर्षांची माझी पोर एक एक भांडं गोळा करत होती, आणि मी तिला काय काय म्हटलं.

शेवटच्या भरल्या पानावर गाणं अर्धं आहे. दोन ओळी, मग कोरं. तो शनिवार असणार.

माझ्याकडून आज एवढं रडणं झालं की शेजारीण विचारायला आली. मी तिला खरं सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी सांगितलं. ती पाणी घेऊन आली आणि बसून राहिली.

आता ऐक. मी दहा ओळी लिहिल्या आहेत. इंग्रजीत. माझ्या मी, मास्तरांना न दाखवता. वेगळा कागद यासोबत आहे. चाल नाही त्यांना, नुसत्या ओळी. शब्द बहुतेक तुझ्याच वहीतले. किटली जुनी आहे. जिन्यावर दिवा आहे. तुझा कोट खुंटीला आहे. असंच. एका ओळीत मी लिहिलं आहे की खोलीची कडी मी काढून टाकली. ते खरं आहे, सुताराला बोलावून काढली, भोकं अजून दिसतात. नववी ओळ: तू खरं बोलत होतीस. दहावी तू वाचशीलच. आपल्या भाषेत ती मला अजून म्हणता येत नाही, आणि आपल्या घरात ती कधी कुणी म्हटलीही नाही. गाण्यांत मात्र घडोघडी म्हणतात. तिथून उचलली.

मनातला शब्द मास्तरांनी अजून शिकवलेला नाही. मी त्यांच्या पुढे धावले.

आई


१९ ऑक्टोबर

बारके,

तुझं पाकीट आलं.

मास्तरांच्या घरी आलं, त्यांनी रविवारपर्यंत उघडलं नाही. मी गेले तर टेबलावर ठेवलेलं. त्यांची बायको खोलीतच होती, उठून गेली नाही. कपाटाला टेकून उभी होती, तीसुद्धा बघत होती. नंतर तिनं टेबलावर तीन कप ठेवले, मला "घ्या" म्हणाली. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी आलात ना, तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मी आधी कडी लावते." मी म्हटलं, माझी चूक झाली. बारके, म्हटलं गं मी. आपल्या भाषेत, दोघांच्या तोंडावर. ती म्हणाली, "हं." मी कप उचलला.

आत पत्र नव्हतं. मी पाकीट झटकून बघितलं. माझाच कागद परत आला होता, दहा ओळींचा. पहिल्यांदा वाटलं, संपलं, तोंडावर फेकला तिनं. मग लाल रंग दिसला.

तू तपासला आहेस. लाल शाईनं, ओळीगणिक. किटलीपुढे बरोबरची खूण. जिन्यापुढे बरोबरची खूण. कोटाच्या ओळीत एक शब्द खोडून वर नीट लिहिला आहेस. कडीच्या ओळीत दोन चुका. मास्तर वाकून बघत होते आणि पुटपुटत होते, बरोबर, बरोबर, हे मीही सुटू दिलं असतं. खाली गुण दिलेस. नवापैकी सहा.

मी म्हटलं, मास्तर, ओळी तर दहा आहेत. ते म्हणाले, "दहावी तपासलेली नाही."

खरंच. नवव्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे. तू खरं बोलत होतीस, बरोबर. दहावीपुढे काही नाही. बरोबर नाही, चूक नाही, साधा ठिपकाही नाही. खोडलीही नाहीस. पेन तिथे येऊन थांबलं असेल. किती वेळ थांबलं असेल कोण जाणे.

त्याच्याखाली आपल्या भाषेत एक ओळ. तुझं अक्षर बदललं आहे, मोठं आणि ठळक झालं आहे, लांबून वाचता यावं असं. "चुकलेल्या तीन पुन्हा लिहून पाठव." आणि पाकिटाच्या मागे, पाठवणाऱ्याच्या जागी, पत्ता.

घरात लाल शाई कोण ठेवतं गं? तू शिकवतेस का? सांगायचं नसेल तर नको सांगू. मैनेला मी सांगून टाकलं की माझी मुलगी शिक्षिका आहे. ती म्हणाली, "मग आता तुमची खैर नाही."

चुकलेल्या तीन ओळी वेगळ्या कागदावर पुन्हा लिहिल्या आहेत. प्रत्येकी पाच पाच वेळा, तू सांगितलं नव्हतंस तरी. कोटाची ओळ आता मला झोपेतही येईल.

दहावी पुन्हा लिहिलेली नाही. तिच्यात चूक असेल तरी ती तशीच असू दे. आणि तपासायची घाई नाही, कधीच नाही तपासलीस तरी मी विचारणार नाही. बाकीच्या नवांचा अभ्यास मी करत राहीन.

मास्तरांनी आज पाकीट माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतःचं पेन खिशात घातलं. वरचा पत्ता मी लिहिला आहे. दोन पाकिटं वाया गेली, हे तिसरं. पोस्टमनला वाचता आला असेल तरच हे तुझ्या हातात आहे. चुकलं असेल तिथे लाल कर.

तुझी
आई